धावू नका म्हणणारे सोपानराव

चाकणच्या ज्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे दरवाजे बनतात, तिथे सोपानराव एकतीस वर्षं होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं सेफ्टीला. या काळात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा काय निघालं असेल, तर ते म्हणजे 'धावू नका'. शिफ्ट सुटो, चहाची घंटा होवो, मोठे साहेब येवोत, माणसानं पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालतच जायचं, हा त्यांचा कायदा. आगीच्या सरावालासुद्धा पोरांना लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखं शांतपणे बाहेर यावं लागायचं.

याला कारण होतं. ते स्वतः मशीनवर असताना एक जण हजेरीला उशीर होतोय म्हणून पळत आला, तेलावर घसरला आणि सावरायला त्यानं हात टाकला तो चालू प्रेसमध्ये. दोन बोटं गेली. साक्षीदार म्हणून सोपानरावांनी 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढंच लिहावं, असा वरून आग्रह होता. सोपानरावांनी लिहिलं, 'तो पळत होता. तेल तीन दिवसांपासून सांडलेलं होतं.' त्यापायी बढती चार वर्षं रखडली. पण पुढे त्यांनी लिहिलेल्या अहवालावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी वर्षाली. मोशीच्या दोन खोल्यांत वाढली, इंजिनियर झाली, हिंजवडीला नोकरीला लागली. धाराशिवकडच्या भावकीत सोपानरावांची मान ताठ झाली. मग ही पोरगी दर रविवारी कामशेतकडे जायला लागली. मैत्रिणींबरोबर फिरायला जात असेल, असा घरच्यांचा समज. ती पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी ग्लायडर बांधून डोंगरावरून उडायला शिकत होती. पाच वर्षांनी तिनं नोकरी सोडली, आणि घरी सांगितलं ते राजीनामा देऊन आल्यावर. आई, म्हणजे सुमनताई, दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी डोंगरावर डबा कोण देतं ते विचारू लागल्या. सोपानराव मात्र दीड महिना लेकीशी बोलले नाहीत. आपल्याला राग आलाय, असं ते म्हणत. खरं तर त्यांना भीती वाटत होती, आणि ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

माणसं सोबत घेऊन उडायची परवानगी तिला मिळाली, त्या दिवशी ते जेवताना बोलले.

"पहिला पॅसेंजर मी. नव्या मशीनचा पहिला ठोका मी समोर उभा राहून बघत आलोय. मला पटलं तर तू उड. न्हाई पटलं, तर सोमवारी हिंजवडीला फोन लाव."

वर्षाली अठ्ठावीस वर्षांची होती. तिला बापाच्या परवानगीची गरज नव्हती. पण बापाच्या अहवालाची किंमत तिला ठाऊक होती, म्हणून ती हो म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बापलेक टेकडीवर पोचले. सोपानरावांच्या खिशात कंपनीची जुनी डायरी होती. सुरुवातच खोटी झाली. तिनं वजन विचारलं, त्यांनी बहात्तर सांगितलं. तिनं पिशवीतून वजनकाटा काढून पुढ्यात ठेवला. शहात्तर. वजनावरून ग्लायडर ठरतो, इथे चार किलोची लाज बाळगून चालत नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. सोपानरावांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं.

मग त्यांनी आपली तपासणी मांडली. अंगाला बांधायच्या पट्ट्यांची शिवण नखानं ओढून पाहिली. कड्यांची कुलपं उघडून लावली. जादा पॅराशूट कधी घडी केलंय, त्याची तारीख विचारली. वर्षालीनं सगळ्यात आधी त्यांच्या मांड्यांचे पट्टे आवळले आणि ते सगळ्यात आधी का, तेही सांगितलं. ते सुटे राहिले तर माणूस खालून निसटू शकतो. मग वारा फिरला आणि ती दीड तास नुसती बसून राहिली. रांगेतले लोक कुरकुरले. सोपानरावांनी डायरीत लिहिलं, 'वारा बरोबर नाही म्हणून थांबली.' एवढं चांगलं ते कंपनीत कुणाबद्दल क्वचितच लिहीत.

वारा समोरून लागला तशी तिनं त्यांना आपल्या पुढ्यात अडकवलं आणि ती त्यांच्या मागे उभी राहिली.

"पप्पा, मी पळा म्हटलं की पळायचं. ग्लायडर मागं ओढेल, तरी थांबायचं नाही. उडी मारायची नाही, आपणहून बसायचं नाही. पायाखाली जमीन नसली तरी मी सांगेपर्यंत पळत राहायचं."

त्यांनी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि एकदा स्वतः म्हणून दाखवलं.

ती 'पळा' म्हणाली. सोपानराव सहा पावलं पळाले. समोर डोंगराची कड आली, आणि अठरा वर्षं पाळलेला कायदा पायांनी परस्पर अमलात आणला. त्यांनी टाचा रोवल्या. ग्लायडर एका अंगाला कोसळला, दोघं गवतात आपटले. वर्षालीचं कोपर चांगलंच सोलवटलं.

रांगेत तळवड्याच्या आयटी पार्कातलं एक जोडपं होतं. नवरा बायकोला म्हणाला की पायलट नवीन दिसतेय, आपण दुसरीकडे बघू. दोघं हेल्मेट काढायला लागले. वर्षालीनं ते ऐकलं आणि ती दोऱ्या सोडवत राहिली.

सोपानरावांनीही ते ऐकलं. आता ते नुसते गप्प बसले असते, तरी पुरलं असतं. सोमवारी हिंजवडीला फोन गेला असता, दीड महिन्याची झोप परत आली असती, आणि कुणी त्यांना खोटं म्हटलं नसतं. मनात हे येऊन गेलं, याची त्यांना फार लाज वाटली. ते गुडघे झटकत उठले आणि थेट त्या जोडप्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पायलटची चूक न्हाई. तिनं दोनदा सांगितलं होतं, थांबू नका म्हणून. मी थांबलो."

मग तिथेच उभ्यानं त्यांनी डायरी काढली, लिहिलं, आणि सही केली.

वर्षालीनं कोपर धुतलं, सगळे पट्टे पुन्हा पहिल्यापासून तपासले. दुसऱ्या खेपेला सोपानराव असे पळाले की कड कधी मागे पडली ते त्यांना कळलंच नाही. खाली शेतं, पलीकडे इंद्रायणी, आणि अधांतरी त्यांचे पाय चालूच. लेकीनं तिसऱ्यांदा 'आता बसा' म्हणून सांगितलं तेव्हा कुठे ते बसले. मग त्यांनी पुढे बघतच विचारलं, कोपर दुखतंय का. ती म्हणाली, थोडं.

सोमवारी फोन गेला नाही. हल्ली हंगामात दर रविवारी सोपानराव वजनकाटा घेऊन टेकडीवर असतात. कुणी वजन सांगितलं की आधी काट्याकडे बोट दाखवतात. पायांत घोट्यापर्यंतचे बूट नसतील, तर त्या माणसाला पुढे सोडत नाहीत. पहिल्यांदा उडणाऱ्याला बाजूला घेऊन डायरीतलं एक पान वाचायला देतात : 'पायलट बरोबर. वारा बरोबर. प्रवासी कडेला थांबला. कारण : जुनी सवय. पायलटला इजा.'

वाचणारा हमखास विचारतो, कोण हो हा प्रवासी?

"मी," सोपानराव म्हणतात. "तिचा बाप. तुम्ही पळा."