बाहुल्यांची परात

माझी शाळा आठवीतच सुटली. विशीत मी कराडजवळच्या गावातून थेट जयपूरला आले, विमा कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी कामाला. काकू, म्हणजे साहेबांची बायको, मला शेजारी घेऊन जेवायला बसायच्या. त्यानंच जास्त भीती वाटायची. एवढं चांगलं वागतात, आणि आपण नकोसे झालो तर?

काकूंकडे त्यांच्या आजीची पितळी भातुकली होती. बंब, चूल, सोऱ्या, अंगठ्याएवढी कळशी. परात तेवढी हरवलेली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिची आरास मांडायची होती.

"परातीशिवाय बाहुल्या कणीक कुठं मळणार गं?" काकू म्हणाल्या.

मी ते मनावरच घेतलं. दुपारी काम आटोपून चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात जायचं, जुन्या भांड्यांची दुकानं धुंडाळायची. एका दुकानदाराला तळहात दाखवून म्हटलं, "भैया, इतनीसी परात. पुरानी."

"आपके कितने बड़े हैं?"

बाहुल्या विचारतोय असं समजून मी बोट दाखवलं.

"अच्छा, छोटे हैं। गर्मी में सूती पहनाते हो ना?"

इथली माणसं बाहुल्यांची फारच काळजी घेतात, असं वाटलं. परात घेऊन मी घरी आले.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी ती बघितली मात्र, डोक्यालाच लावली. "अरे, ये तो ठाकुरजी की थाली है! इसमें भोग लगता है।"

काकूंनी परात उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "देवाचं ताट बाहुल्यांना कसं द्यायचं?"

"परत देऊन येऊ?" मी विचारलं.

"ठाकुरजी की चीज़ लौटाते हैं क्या?" मालकीणबाई माझ्यावरच उखडल्या.

मला काही कळेना. आमच्याकडे एवढंसं भांडं म्हणजे खेळ. इथे तेवढ्याच भांड्यात ठाकुरजी, म्हणजे सुती कपडे घातलेला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण जेवतो.

शेवटी काकूंनी त्यात कैरीची डाळ घालून ते गौरीपुढे ठेवलं. भातुकलीत चुलीशेजारची जागा रिकामीच राहिली. बायका "किती छान" म्हणत होत्या, पन्हं देताना माझं लक्ष मात्र त्या जागेकडे. काकू रागावल्यात की नाही, तेही समजेना.

सगळ्या गेल्यावर एकेक भांडं फडक्यात गुंडाळत काकू म्हणाल्या, "पुढच्या चैत्राला परात हवी हं. बघत राहा."

पुढच्या चैत्राला. म्हणजे मी इथेच असणार? का आपलं सहज म्हणाल्या? विचारायचा धीर झाला नाही. "हो काकू," म्हटलं आणि पन्ह्याचे पेले घासायला घेतले.