सासऱ्यांच्या मोटारीचा डावा दिवा

बिघडलेली कुठलीही वस्तू घरच्या ओट्यावर बसून सुधारता येते, अशी माझ्या सासऱ्यांची ठाम श्रद्धा होती, आणि वस्तूंनी कितीदा तोंडघशी पाडलं तरी ती ढळली नाही. डिंगोऱ्याच्या त्यांच्या घरातलं घड्याळ त्यांचा हात लागल्यापासून टोले वेळेवर देई, काटे मात्र हलत नसत. मिक्सर सुरू झाला की बटण बंद करूनही आपल्या मर्जीनंच थांबे. "थांबंल की, त्याला काय घाई हाय," असं म्हणून सासूबाई भाकरी थापत राहत. गाडी गॅरेजला न्या म्हटलं तर सासरे दुखावत. "पावणं, आपलं लेकरू आजारी पडलं म्हणून कुनी शेजाऱ्याच्या मांडीवर देतं व्हय?"

दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीचा डावा दिवा गेला. ते साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आले. बॉनेट उघडलं, मागची वायर सोडवली, रबराची टोपी काढली, तारेची क्लिप दाबली आणि नवा बल्ब सासूबाईंच्या धुतलेल्या रुमालात धरून आत बसवला. काचेला बोट लागलं तर बल्ब लवकर जातो, म्हणून आम्हाला दोन हात लांब उभं केलं होतं. दिवेलागणीला गोठ्याच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला. "मंद हाय," ते म्हणाले.

मी आळेफाट्याहून दुसरा बल्ब आणला. तोही मंद. त्यांनी वायरींची टोकं पॉलिश पेपरनं घासली, उजवा दिवाही बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा "मंद." मी भिंतीकडं पाहिलं. चुन्यावरची मुंगीसुद्धा दिसत होती.

सासूबाई हळूच माझ्याजवळ आल्या. "पावणं, आता बल्ब नका आणू. ताटातली चटणी दिसत न्हाई त्यांना."

हलक्या आवाजात म्हणाल्या, पण सासऱ्यांनी ऐकलंच. बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले.

"कवापास्नं म्हाईत व्हतं तुला?"

"दिवाळीपास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"गाडी चालवताना तुमी लई खूश असता, म्हणून."

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायची. बाहेर आल्यावर ते सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले, मुठीवर हात ठेवून क्षणभर थांबले आणि किल्ली माझ्या हातात देऊन पलीकडून येऊन बसले.

ओतूरच्या अलीकडं अंधारून आलं. मी दिवे लावले.

"दोन्ही लागलेत ना?"

"लागलेत. लख्ख."

"मग सावकाश चला. आन काय काय दिसतंय ते सांगत ऱ्हावा."

मी सांगू लागलो. कांद्यानं भरलेला टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर, सायकलवरचा दूधवाला, पुलाचा कठडा. ज्या रस्त्याचा खड्डान् खड्डा त्यांना पाठ होता, तो मी त्यांना घरापर्यंत सांगत गेलो, आणि तेही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मधूनमधून "हां" म्हणत होते.