आखडता हात

शाळेत गणित शिकवायला लागले त्याच वर्षी स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला गुरुमंत्र दिला होता. प्रीलिमला हात आखडता ठेवायचा. एक पायरी चुकली की पूर्ण उदाहरण खोडायचं, एकक लिहिलं नाही तर मार्क कापायचा आणि आकृती पेनने काढली असेल तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मुलं घाबरतात, अभ्यासाला लागतात आणि बोर्डात पंधरा-वीस मार्कांनी वर चढतात. प्रीलिम रडवायला आणि बोर्ड हसवायला, अशी वाटणीच ठरलेली होती. कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं मी हेच केलं. कोणी पालक भांडायला आलेच तर त्यांना चहा पाजून हेच समजावलं, आणि तेही मान डोलावत परत गेले, कारण त्यांच्या वेळी त्यांनाही कोणीतरी असंच रडवलेलं असायचं.

यात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे बोर्डाची परीक्षा होणार. कोरोनात ती एकदा झाली नाही, पण तेव्हा सगळ्यांनाच सढळ हाताने मार्क मिळाले आणि मी निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यामुळे त्यातून मी काही शिकले नाही. शिकायची वेळ आली ती भाचीच्या दहावीला.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर आखातात गेली. मेहुणे तिथे एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. आम्ही दोघी बहिणी कल्याणजवळ मोहन्यात वाढलो. बाबा संध्याकाळी कामावरून आले की बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून पाढे म्हणून घ्यायचे. मला ते आवडायचे, बहीण मात्र सतराच्या पाढ्याला तहान लागल्याचं निमित्त करून पळायची. तिच्या मुलीला गणिताचं वेड लागलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, ही चुकून माझ्याकडे आलीय, तुझी आहे ही." दर उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची माझ्याकडे मानपाड्याला यायची. सात-आठ वर्षांची असताना जिन्याच्या पायऱ्या मोजून तिने आमच्या इमारतीची उंची काढली होती. पुढे तिने ठरवूनच टाकलं की आपण इमारती बांधायच्या आणि त्यासाठी अकरावीला ठाण्याच्या कॉलेजात सायन्स घ्यायचं.

दहावीच्या वर्षी दर रविवारी मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पेपर पाठवायचे. ती तो एका जाड वहीत सोडवायची, पानांचे फोटो पाठवायची. मी ते मोठे करकरून तपासायचे आणि मग व्हिडिओ कॉलवर चुका सांगायचे. त्या ती स्वतःच लाल पेनने वहीत लिहायची आणि खाली मार्कही स्वतःच लिहायची. मार्क अर्थातच आखडत्या हाताचे असायचे. एवढ्यावर मी थांबले असते तरी ठीक होतं. प्री-बोर्डच्या आधी मी बहिणीला फोन करून सांगितलं, "तिच्या गणिताच्या बाईंना सांग, हिला अजिबात सोडू नका म्हणावं. मावशीने सांगितलंय, ती पण शिक्षिका होती." त्या बाई केरळच्या, पण मार्कांच्या बाबतीत माझ्याच जातकुळीच्या. त्यांनी आनंदाने निरोप ऐकला आणि तसंच केलं. भाचीला ऐंशीपैकी सत्तेचाळीस पडले. बहीण रडली. मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. दोन पेपर झाले होते. तिसऱ्याच्या आधी शाळा बंद झाली, परीक्षा पुढे ढकलली आणि शेवटी रद्दच केली. बहीण आणि भाची तिसऱ्याच देशातून विमान पकडून, दोन दिवसांचा प्रवास करून माझ्या दारात आल्या. मेहुणे ड्युटीसाठी मागे राहिले. बहिणीने माझ्या गळ्यात पडायच्या आधी चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे ते विचारलं आणि पुढचे कितीतरी दिवस मेहुण्यांच्या फोनची वाट बघत ती त्या पॉइंटशेजारीच बसून होती. भाचीच्या बॅगेत चपलांचा दुसरा जोड नव्हता, पण ती जाड वही होती.

पंधरा दिवसांनी शाळेची ईमेल आली. झालेल्या पेपरांचे मार्क तसेच धरणार. न झालेल्या विषयांचे शाळेतल्या परीक्षांवरून देणार आणि त्यातही मुख्य वजन प्री-बोर्डचं. म्हणजे गणितात सत्तेचाळीस. कोणाला अन्याय वाटत असेल तर वर्षभरातलं तपासलेलं लेखी काम दहा दिवसांत शाळेच्या समितीकडे पाठवता येईल, असंही खाली लिहिलं होतं.

भाचीने ते वाचलं आणि फोन खाली ठेवला. "ठीक आहे ना मावशी. तेवढंच येतं मला. मी कॉमर्स घेते, विदाऊट मॅथ्स."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. पण ती भाजी कोणती करायची हे सांगावं तशी बोलली.

"वही आण," मी म्हटलं.

बावीस पेपर होते. बोर्डाची गुणदानाची पत्रिका शेजारी ठेवून मी पहिल्यापासून तपासायला बसले. समोर ती मटार सोलत होती. पहिल्या पेपरला तेव्हा मी एकोणपन्नास दिले होते. पायरीपायरीचे नियमाने धरले तर सहासष्ट होत होते. मी बेरीज दोनदा केली. ती उलट्या बाजूने वाचत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"मावशी, हे सतरा मार्क तेव्हा कुठे होते?"

"तेव्हाही होते. मी दिले नव्हते."

"का पण?"

"तू अभ्यास करावास म्हणून."

"मी करतच होते ना गं." तिने एक शेंग सोलली आणि दाणे टोपात टाकले. "तू मार्क सांगायचीस, तेव्हा माझं नेटवर्क जायचं, आठवतंय? ते नाही जायचं. मी कॅमेरा बंद करायचे. मला खरंच वाटलेलं, की मला नाही येत."

एकतीस वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगायला कोणी थांबलं नसेल. आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्या अभिमानाने सांगायचो, अमका प्रीलिमला नापास होता, बोर्डात पंच्याहत्तर पाडले. प्रीलिमनंतर ज्यांनी गणिताचं पुस्तक पुन्हा उघडलंच नाही त्यांची नावं त्या गप्पांत कधी निघाली नाहीत. त्यातली दोन-तीन तोंडं त्या दुपारी मला आठवली आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने उठले.

दोन दिवस बसून बावीसच्या बावीस पेपर नव्याने तपासले. एकही मार्क फुकट दिला नाही, शपथेवर सांगते. मग स्कॅन करून पाठवले. सोबतच्या अर्जात तपासणाऱ्याचं नाव, पात्रता, अनुभव असं सगळं भरायचं होतं. मी ते ठळक अक्षरांत भरलं आणि शेवटी 'विद्यार्थिनीशी नातं' या रकान्यात मोठ्या प्रेमाने लिहिलं, सख्खी मावशी. पाठवून झाल्यावर शिरा केला.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. अतिशय नम्र होतं. नातेवाईकाने तपासलेलं काम ग्राह्य धरता येत नाही, क्षमस्व. मला राग आला तो फक्त माझा. दुसऱ्या कोणाच्या मुलीच्या बाबतीत मीही असंच लिहिलं असतं. निकाल लागला आणि गणिताचे सत्तेचाळीस कायम राहिले.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती बोलायची हिंमत मला होत नव्हती. जेवायला बसलो तेव्हा मी सुरुवात केली. बहिणीने टेबलाखालून माझा पाय दाबला. "ताई, राहू दे ना. कशाला आता?" इतके दिवस तिने मला एका शब्दाने दोष दिला नव्हता, मुलीलाही काही कळू दिलं नव्हतं. लहानपणी मी फोडलेली बरणी तिने स्वतःच्या नावावर घेतली होती, तीच ही. पण मी सांगितलं. "प्री-बोर्डला तुला कमी दिले ते माझ्या सांगण्यावरून. तुझ्या बाईंना मी निरोप पाठवला होता. चुकलं माझं. तुझं नुकसान केलं मी."

भाची ताट अर्धवट टाकून गच्चीवर गेली. तासाभराने खाली आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज मुख्याध्यापकाचा होता.

"उद्या सकाळी दहा वाजता तू पेपर द्यायचास. तीन तास, ऐंशी मार्क. कॅल्क्युलेटर नाही, मध्ये चहा नाही. मी तपासणार."

दुसऱ्या दिवशी खरंच मला जेवणाच्या टेबलावर बसवलं. बहिणीने माझा मोबाइल काढून घेतला आणि वर ऐकवलं, "कॉपी करू नकोस हं." पहिला तास मजेत गेला. दुसऱ्यात स्पर्शिकेच्या प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर अडकली, जी मी हजार वेळा फळ्यावर लिहिली असेल. तिसऱ्यात मान अवघडली, हात दुखायला लागला आणि मला घाम फुटला. ही आता माझे कसे कापणार, ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तिचा हक्कच होता. चाळीस मिळाले तरी हसत घ्यायचे, असं मी ठरवून ठेवलं.

ती पेपर घेऊन आतल्या खोलीत गेली. बहिणीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "तू लिहीत होतीस ना, तेव्हा तिने अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरला. ठाण्याचं नाही लागणार, कल्याणचं टाकलंय. सायन्स. मॅथ्स ठेवलंय तिने." मी चहात बिस्किट बुडवून ते तसंच विसरले.

दार उघडून ती आली आणि माझा पेपर माझ्यापुढे ठेवला. वर एकाहत्तर लिहिले होते. मी पान पान उलटून पाहिलं. अडकलेल्या सिद्धतेच्या बरोबर असलेल्या पायऱ्यांचे तीन दिले होते. एका उदाहरणात मी बेरजेत चुकले होते, तिथे फक्त एक कापून पुढचे सगळे दिले होते. सगळं पत्रिकेप्रमाणे चोख, एक मार्क इकडे नाही की तिकडे नाही.

"इथे मी पूर्ण उदाहरण खोडलं असतं," मी त्या बेरजेवर बोट ठेवून म्हणाले.

"माहितीये," ती माझ्या शेजारी बसत म्हणाली. "पण बाकीचे तुझे होते ना. मी कशी ठेवून घेणार?"