काकूंसाठी फोटोखालच्या ओळी

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या मराठी मंडळाचं फेसबुक पान मी चालवतो, आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता. प्रत्येक आमंत्रण मी फुलांची महिरप काढलेल्या चित्रातच टाकायचो. तारीख, वेळ, जागा, सगळं त्या चित्रात; चित्राच्या वर ओळीनं वीस जोडलेल्या हातांचे इमोजी.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्या दिसल्या नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन गेलो, तर दारातच झापलं.

"अरे, तुझं आमंत्रण ऐकलं. 'जोडलेले हात, जोडलेले हात' वीस वेळा, आणि मग नुसतं 'चित्र'! कुणीतरी बोलवायला येईल म्हणून साडी नेसून बसले होते मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवसापासून आमंत्रण साध्या अक्षरांत आणि फोटोखाली वर्णन. पहिलं लिहिलं, 'पाच महिला साडीत उभ्या आहेत.' पाच मिनिटांत काकूंचा फोन.

"हा काय फाइलवरचा शेरा आहे? साड्या कुठल्या? कोण कुणाशी बोलत नाहीये?"

मग मी सुटलोच. अध्यक्षांचं पोट झब्ब्याच्या बटणांशी कसं भांडतंय, चिटणीसबाई पैठणीचा पदर प्रत्येक फोटोत कसा पुढे आणतात, सगळं लिहिलं. अध्यक्ष चार दिवस बोलले नाहीत. पण डोळे धडधाकट असलेली मंडळीसुद्धा आता फोटोआधी वर्णन वाचतात, याचा मला भारी आनंद होतो.

दिवाळीच्या फराळाला काकू आल्या. त्यांचा फोटो टाकताना मात्र हात अडला. शेवटी खरं तेच लिहिलं: 'मधल्या खुर्चीत काकू. जांभळी साडी, हातात अर्धी चकली, केस पूर्ण पांढरे, मनापासून हसताहेत.'

फोन आला. काकूच होत्या.

"पूर्ण पांढरे?"

"हो, काकू."

"शेवटचा आरसा पाहिला तेव्हा बरेचसे काळे होते रे. घरात सगळे नुसतं 'छान दिसता' म्हणतात. कुणी सांगितलंच नाही."

वर्णन काढून टाकू का, असं विचारणार, तोच त्या म्हणाल्या, "अच्छा, शोभतात का?"

"बिल्कुल!"

"मग राहू दे ती ओळ."