जंबेरीला आलेला हात

माझी थोरली जाऊ धोंडाबाई, म्हणजे आमची आक्का, हिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या नाशिकरोडला दुसरी नाही. असली तर मला दाखवा, मी तिला घरी बोलावून चहा पाजते. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होती. चिंध्यांच्या बाहुल्या अशा शिवायची की पोरं घरी जायला तयार व्हायची नाहीत. दीर गेले तेव्हा तिची पायल शाळेत होती. आक्कानं कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही, पोरीला एकटीनं शिकवलं, नर्स केलं. आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मला इकडं कळतं, त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पायल जपानी भाषा शिकली आणि जपानला निघाली, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायला. जायच्या आठवड्यात मायलेकी गंगापूर रोडच्या एका नर्सरीत गेल्या आणि रिक्षातून एक रोप घेऊन आल्या. नाव काय तर बुद्धाचा हात. लिंबाच्या जातीतलंच फळ, आपल्या महाळुंगाचा भाऊबंद. पण गोल नसतं. पिवळंधमक आणि बोटं फुटलेलं, कुणी पंजा पुढं केल्यासारखं. रस नाही की गर नाही, नुसता वास, पण तो घरभर. पायलनं रोप अंगणात लावलं, मातीचे हात झटकले आणि सहज म्हणाली, "आई, ह्याला हात आला की मी आले म्हणून समज."

पोर घाईत बोलून गेली. आक्कानं मात्र तो शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

आमचे धम्मपालजी, म्हणजे माझे मालक, विहाराच्या कमिटीत आहेत. त्यांना हे अजिबात पटलं नाही. नाव बुद्धाचं म्हणून फळ काही बुद्धाचं होत नाही, आणि झाडावर भरवसा ठेवून बसायला आपण काय नवस करणारी माणसं आहोत का, असं त्यांनी आक्काला तोंडावर विचारलं. आक्का झारीनं पाणी घालत होती. म्हणाली, "भाऊजी, नवस नाय हा. पोरीनं कबूल केलंय." यावर कमिटीनं चपला घातल्या आणि विहाराची वाट धरली.

पायलचा व्हिडिओ कॉल दर रविवारी दुपारी यायचा. तिकडच्या लिंबांची काय काय तऱ्हा दाखवायची! किंकान म्हणून सुपारीएवढं संत्रं, ते सालासकट तोंडात टाकायचं. डेकोपॉन म्हणून एक, त्याच्या डोक्यावर अंबाडा बांधल्यासारखा फुगा. आश्रमाच्या आवारात बोराएवढी रानसफरचंदं लगडलेली. आणि युझू नावाचं खडबडीत पिवळं लिंबू, ते ऐन थंडीत गरम पाण्यात सोडतात आणि त्या पाण्यानं म्हाताऱ्यांना आंघोळ घालतात. आक्का सगळं कौतुकानं बघायची आणि शेवटी एकच विचारायची, रजा कधी? पायल म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. असं हे पुढचं वर्ष दोनदा आलं आणि गेलं. मला राग यायचा. मी एकदा फोन हिसकावून पोरीला सुनावलंसुद्धा, की तुझी आई झाडाशी बोलायला लागलीय. तर ती हसली. म्हणाली, काकू, झाड उत्तर देईपर्यंत काळजी नाही.

आता झाडाचं सांगते. पहिल्याच वैशाखात ते शेंड्याकडून वाळत आलं. आक्का जेवण सोडून त्याच्यापाशी बसून राहायची. मग एके दिवशी बुडातून तजेलदार फुटवा वर आला, आणि काय आनंद झाला म्हणता! वरचं वाळकं लाकूड तिनं कात्रीनं अलगद छाटलं आणि फुटव्याला बाळंतिणीसारखं जपलं. शेण, खरकटं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं त्याला. झाड अंगावर काटे घेऊन असं माजलं की धुणं वाळत घालायची चोरी झाली. यंदा त्याला पांढरी फुलं आली, मग फळं धरली. आक्कानं रविवारची वाट बघितली नाही, मधल्या वारी फोन लावून सांगितलं, हात धरलाय.

पायल तिकडून ओरडलीच. म्हणाली, नीट मोठा झाला की दाखव, त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकते.

फळं मोठी झाली, पण गोलच राहिली. गोल आणि खडबडीत. आक्का मला म्हणायची, थांब सुले, कळी उमलते तशी बोटं उमलतील. रोज सकाळी चष्मा लावून बघायची, कुठं चीर पडलीय का. फळं पिवळी व्हायला लागली तरी एक बोट फुटेना. शेवटी मीच त्या नर्सरीवाल्याला बोलावून आणलं. त्यानं झाडाकडं बघितलं, आक्काकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, मावशी, ही जंबेरी, जाड सालीचं रानलिंबू. आपल्या द्राक्षाला कसा खाली जंगली खुंट असतो आणि वर चांगल्या जातीचं कलम, तसंच ह्याचं. वर बुद्धाचा हात बांधलेला होता, तो उन्हात मेला. खालचा खुंट फुटला, तो तुम्ही वाढवलात. ह्याला जन्मात हात येणार नाही.

नाशिकमध्ये राहून, चारी बाजूंना द्राक्षाचे मळे असताना, आम्हा दोघींच्या हे डोक्यात येऊ नये म्हणजे कमाल झाली. मला हसू आवरेना. मग आक्काचा चेहरा बघितला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ती ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "आता ती कशाला येईल?"

मी म्हटलं, खरं काय ते सांगून टाक. पण ऐकेल ती आक्का कसली. दोन दिवस बाजार पालथा घातला. पपनस मिळालं, घोटीकडच्या एका बाईकडं इडलिंबू मिळालं, एका देवळाबाहेर महाळुंगसुद्धा मिळालं. बोटांचं फळ कुठं मिळेना. तिसऱ्या दिवशी बिटको चौकातल्या दुकानातून काय आणलं असेल? भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, दोन जोड. दार लावून बसली. मोज्यांत कापूस आणि चिंध्या ठासल्या, दोन मोजे मनगटाशी एकत्र शिवले, बोटं थोडी वाकडी केली, वरून हळद चोळली. दहा बोटांचा हात झाला. मला म्हणाली, "सुले, फोटोत बघितलंस ना, खऱ्यालापण लय बोटं असतात."

बाहुल्या शिवणारा हात तो. लांबून खरंच फळ वाटावं असं काम झालं होतं. मी म्हटलं, तुला वेड लागलंय. आणि तो झाडाला टांगताना शिडी धरायला मीच उभी राहिले.

रविवारी कॉल आला. मी फोन धरला, आक्का झाडाशेजारी उभी, पदर सावरून, पाहुणे बघायला आल्यासारखी. फार जवळ न्यायचा नाही असं मला आधीच बजावलेलं. पायल बघत राहिली. म्हणाली, केवढा मोठा झाला गं आई. आणि फोन ठेवून दिला. आक्काला वाटलं फसली. मला वाटलं चिडली. तो आठवडा आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता काढला.

पुढच्या रविवारी कॉल आलाच नाही. नंतर तीन ओळींचा मेसेज आला: रजा मिळाली, डिसेंबरात येते, झाडाचा हात उतरवू नका.

आली एकदाची. थंडी मी म्हणत होती. रिक्षातून उतरली, बॅग तिथंच टाकली आणि आधी गेली झाडाकडं. काट्यांतून हात घालून त्या पिवळ्या हाताशी हात मिळवला आणि म्हणाली, "जय भीम." मग आईकडं वळली. "आई, फळावर मीडियम साइज छापलेली मी पहिल्यांदाच बघितली."

आम्ही बघितलं तर खरंच, मनगटापाशी हळदीखालून इंग्रजी एम दिसत होता. धम्मपालजी इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. आक्का मात्र खाली मान घालून उभी. म्हणाली, फसवलं तुला. माझं झाड मेलं होतं.

पायलनं तिचे दोन्ही हात धरले. हसता हसता पोरीचे डोळे भरले होते. म्हणाली, "दिवसभर असले मोजे घालून मी दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते. तो हात बघितला आणि वाटलं, माझी आई मला मोज्याच्या हातानं बोलावतेय. मग मी इथं काय करतेय?"

दोघी रडल्या, मीपण रडले, खोटं कशाला सांगू. नर्सरीवाला नंतर येऊन गेला. म्हणाला, खुंट चांगला दणकट झालाय, ह्यावर नव्यानं बुद्धाचा हात बांधून देतो. आक्कानं त्याला चहा दिला, जंबेरीच्या लोणच्याची बरणी दिली आणि परत पाठवलं. त्या झाडाला कात्री लावू देईना. मालकांनी कारण विचारलं तर म्हणाली, आता ह्याच्याकडून अजून काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बंबाचा धूर आला, मागोमाग लिंबाचा वास आणि आक्काची कटकट. माझं लोणचं घालतेस का गं, पाणी डोळ्यांत जातंय, मी काय लहान आहे का, असं काय काय. मी जाऊन डोकावले. घंगाळात कढत पाणी, त्यावर पिवळ्या जंबेऱ्या तरंगत होत्या, आणि पायल आईची पाठ चोळत होती. मी विचारलं, काय गं, मोजे नाही घातलेस?

"नाही काकू," ती म्हणाली. "ही माझी आहे."