रेडिएटरपुढचा पुठ्ठा

माझा डावा पाय पोलिओने लहानपणीच कामातून गेला. त्यामुळे माझ्या नशिबी दोनच वाहनं होती: कोणाच्या तरी मोटरसायकलची मागची सीट, नाहीतर क्लच नसलेली गाडी. पहिलं मी चाळिशीपर्यंत भोगलं. दुसरं बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून विकत घेतलं. वीस वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी, रंग चंदेरी असल्याचं कागदपत्रं म्हणतात. तिच्यात बसून मी बालाघाटहून किरनापूरच्या शाळेत शिकवायला जाते. रोज, आणि एकटी. हे सांगताना मला अजूनही गुदगुल्या होतात.

तर डिसेंबरात या गाडीचा ओव्हरड्राइव्ह गेला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे तिचा चौथा, सगळ्यात वरचा गिअर. गाडीने वेग धरला की तो आपोआप पडतो आणि इंजिन निवांत होतं. आता गाडी तिसऱ्यातच अडून बसली. साठच्या वेगाला इंजिन पिठाच्या गिरणीसारखं बोंबलायचं, आणि सायकलवाले रस्ता सोडून बाजूला उभे राहायचे.

"म्हातारी झाली ते," नवरा म्हणाला. "इकून टाक. मी सोडत जाईन ना तुले."

नवरा वाईट नाही. पण त्याच्या मोटरसायकलवर बसायचं म्हणजे त्याचा पेपर, त्याचा दुसरा चहा आणि चौकातल्या त्याच्या गप्पा हे सगळं आटोपेपर्यंत पर्स छातीशी धरून उभं राहायचं. वर "तुझ्यासाठीच चाललो ना" हेही ऐकायचं. तो उत्साहाने कामाला लागला आणि रविवारी गाडी पाहायला येणारं गिऱ्हाईकही शोधून आला. गाडी गेली तर माझी सकाळ पुन्हा त्याच्या चहावर टांगली जाणार होती.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तपासणी सुरू केली. लिव्हरवर अंगठ्यापाशी ओव्हरड्राइव्हचं बटण असतं, ते चुकून बंद राहिलेलं नव्हतं. फ्यूज शाबूत होते. गिअरचं तेल पट्टीवर पाहिलं, ते लालसर आणि स्वच्छ, जळका वासही नाही. मग नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. हा माणूस माझ्या गाडीत बसला की दर वेळी डाव्या पायाने क्लच शोधतो, सापडला नाही की गाडीकडे संशयाने बघतो.

"मॅडम, गिअरबॉक्स खल्लास. खोलना पडेगा."

"काहून?"

"ऑटोमॅटिक है ना."

एवढं सखोल निदान मी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही. मी गाडी घेऊन घरी आले.

शुक्रवारी गावातलं रेल्वे फाटक बंद मिळालं. मालगाडी रमतगमत गेली, तोवर मी इंजिन चालू ठेवून शिव्या मोजत बसले. फाटक उघडलं, गाव मागे पडलं, आणि काय सांगू, ओव्हरड्राइव्ह पडला! इंजिन एकदम शांत. दोन-चार किलोमीटर मी राणीसारखी गेले. मग थंड वारा लागला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. मी समोर पाहिलं. इंजिनची गरमी दाखवणारा काटा तळाला झोपला होता. फाटकावर तो थोडा वर आलेला मी पाहिला होता.

म्हणजे दुखणं गिअरबॉक्सचं नव्हतं. गाडीला थंडी वाजत होती.

मी भरवेलीच्या खाण कामगारांच्या कॉलनीत वाढले. तिथले ट्रकवाले थंडीत गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पोतं बांधायचे, ते आठवलं. पोतं नव्हतं, मिक्सरचं खोकं होतं. शनिवारी सकाळी त्याचा पुठ्ठा कापून रेडिएटरपुढच्या जाळीमागे खोचला आणि निघाले. काटा हळूहळू मध्याकडे सरकला. ओव्हरड्राइव्ह पडला, आणि थेट किरनापूरपर्यंत टिकला. गाडीत एकटीच होते, म्हणून आनंदाने एक शिवी मोठ्याने दिली.

शाळा सुटल्यावर थेट मेकॅनिककडे. मे महिन्यात गाडी तापली होती, तेव्हा यानेच इंजिनमधला थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, काढून टाकला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं, हे त्या वॉलचं काम. पण आमच्याकडे उन्हाळ्याचा धाक असा, की गाडी एकदा तापली की मेकॅनिक न विचारता तो काढतात, आणि मालक वर त्यांचे आभार मानतात. मीही मानले होते, चहा पाजून. आता वॉल नाही, म्हणून थंडीत इंजिन गरम होईना. आणि इंजिन गरम झाल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह देईना.

सगळं ऐकून मेकॅनिक दुखावला. "मॅडम, तुमच्या भल्यासाठीच त काढलं होतं."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. भरवेलीत सगळी कॉलनी सायकलवर. मी एका पायाने अर्धं पायडल मारत शिकले, एकदा पडले, हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी बाबांनी सायकल भिंतीवर उंच टांगून टाकली. तुझ्या भल्यासाठी, म्हणाले. मी ती परत मागितली नाही. त्याचा राग मला आजही येतो, बाबांचा कमी आणि माझा जास्त.

"माझा वॉल परत द्या," मी म्हटलं.

त्याने बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. गावभरच्या गाड्यांचे काढलेले वॉल आत. माझा शोधून त्याने चहाच्या भांड्यात उकळला. पाणी तापलं तसा वॉल उघडला. "चालू आहे की हो," तो स्वतःशीच म्हणाला, आणि गुपचूप बसवून दिला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवऱ्याने त्याला गाडीत माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः मागे बसला. मी हट्टा गावाच्या रस्त्याला लागले. काटा मध्यावर आला, ओव्हरड्राइव्ह पडला, आणि मागच्या सीटवरची चुळबूळ स्पष्ट ऐकू यायला लागली.

घरी परतल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "गाडी त एकदम मस्त आहे. मंग इकता काहून?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"हे इकाची नाही, भाऊ," मी म्हटलं. "ते मोटरसायकल पाहा, ते इकाची आहे."