भिंतीवर न लावायचा फोटो

कमी पैशांत छायाचित्रणाचे साहित्य जमवायचे असेल, तर खरेदीचा रूढ क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. लोक आधी कॅमेरा घेतात आणि मग प्रकाश शोधत हिंडतात. मी आधी प्रकाश शोधला, कारण तो फुकट होता.

तलवाड्याच्या अलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवतो. आमच्या चौथीच्या वर्गाचे दार उत्तरेकडे उघडते, त्यामुळे तिथे दिवसभर ऊन शिरत नाही आणि उजेड मात्र सारखा राहतो. हे पडताळून पाहण्यासाठी मी एका खुर्चीवर भोपळा ठेवून आठवडाभर तासातासाला त्याचे निरीक्षण केले. डाव्या गालाची सावली कोणत्या वेळी सौम्य पडते, हे वहीत टिपले. नंतर त्या भोपळ्याची भाजी झाली.

माझा हेतू मर्यादित होता. वर्गाचा फोटो दरवर्षी जानेवारीत निघे आणि तोवर निम्मी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असत. पटावर जेवढी नावे तेवढे चेहरे फोटोत असावेत, म्हणून तो दिवाळीआधी काढावा, एवढेच मला हवे होते. मोबाईलवर काम भागले असते. परंतु मोबाईल बिघडला की त्यातले फोटोही जातात, हा धडा मी दोनदा घेतला होता.

कॅमेरा अंबाजोगाईला मिळाला. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने तो हौसेने घेतला होता आणि परीक्षांमुळे त्याची हौस संपली होती. पकडीचे रबर निघाले होते, ते मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवले. त्याबरोबर एकच लेन्स होती, तीही जवळ-दूर न होणारी. माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर स्वतः चार पावले पुढे जावे लागे. पुढे जाणे फुकट असल्याने मी दुसरी लेन्स घेतली नाही.

सावली उजळण्यासाठी विज्ञान प्रदर्शनातून उरलेला थर्माकोल कामाला आला. पडदा म्हणून पांढरे धोतर टांगले. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून औषधांच्या दुकानातून गोळ्यांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणल्या आणि कॅमेऱ्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. स्टँड मात्र महाग होता. म्हणून घरातली माठाची लोखंडी तिवई घेतली आणि वेल्डिंगवाल्याकडून तिच्यावर पट्टी व स्क्रू बसवून घेतला. माठ जमिनीवर आला, तेव्हा पत्नीने विचारले, "आता फोटो माठाचाच काढणार का?" मी नाही म्हणालो.

तिवईची उंची बदलता येत नसे. तिच्यामुळे माझ्या छायाचित्रणाला एक नियम लाभला: माणसाने खुर्चीवर बसायचे, पाठ ताठ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नजर भिंगात. पटावरच्या सर्व मुलांचे एकेक करून फोटो दिवाळीआधी या पद्धतीने निघाले आणि एकही बिघडला नाही. याचा मला थोडा अभिमान वाटू लागला होता, हे नमूद केले पाहिजे.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक निघायला चारेक दिवस होते, तेव्हा शाळेच्या मागच्या बाजूला राहणारी एक बाई दाराशी आली. ती आणि तिचा नवरा दरवर्षी तोडीला जात. अडीच वर्षांची मुलगी होती. तान्ही असताना उसाच्या फडावरच्या थंडीत ती दोनदा आजारी पडली, म्हणून गेल्या वर्षी तिला आजीजवळ, म्हणजे बाईच्या सासूजवळ, ठेवले होते. सहा महिन्यांनी बाई परत आली, तर पोर आजीच्या लुगड्यात शिरली आणि चार दिवस आईच्या हातचे खाईना. यंदाही तिला मागे ठेवायचे होते. आजीजवळचा मोबाईल बटनांचा होता, आणि फडावर रेंज येत नसे. "घरात माझा एक मोटा फोटो ऱ्हायला पायजे," ती म्हणाली. "पोरगी मला इसरली न्हाई पायजे, गुरुजी. लई जिवाला लागलं मागच्या साली."

मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली. ती लग्नातला शालू नेसून, केस चापूनचोपून आली. मी खुर्ची, धोतर, थर्माकोल यथास्थित मांडले. पाठ ताठ, कान दोन्ही, नजर भिंगात. तिला हसू येत होते, ते थांबवायला सांगितले. फोटो उत्तम आला. चेहरा मध्यभागी, सावली सौम्य, मागे निर्मळ पांढरे. तालुक्याला जाऊन तो मोठा करून घेतला आणि माझ्याकडून भेट म्हणून काळ्या चौकटीत काचेखाली बसवून तिच्या घरी नेऊन दिला.

बाईने तो दोन्ही हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"हार तेवढा ऱ्हायलाय बघा, गुरुजी."

मला समजायला एक क्षण लागला. मग तिच्या सासूने भिंतीकडे बोट केले. तिथे सासऱ्यांचा आणि थोरल्या दिरांचा असे दोन फोटो होते. दोन्ही काळ्या चौकटीत, चेहरा मध्यभागी, मागे पांढरे, नजर समोर आणि गळ्यात चंदनी हार. आमच्याकडे माणूस एकटा, एवढा मोठा आणि चौकटीत दिसतो, तो गेल्यावरच. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्याच घरी वडील तसेच भिंतीवर आहेत. परंतु प्रकाशाच्या विचारात हे माझ्या लक्षात आले नव्हते. सासू म्हणाली, "जित्या माणसाला भितीला कावून टांगायचं? मी न्हाई लावू देणार."

वाद नको म्हणून मी मुलीला जवळ बोलावले, चौकट तिच्यापुढे धरली आणि ही कोण ते विचारले. तिने फोटोकडे पाहिले, डोळे मिटले आणि हात जोडले. घरातल्या चौकटींपुढे करायचे म्हणून आजीने जे शिकवले होते, ते तिने बिनचूक केले. बाईने चौकट पालथी करून धान्याच्या पोत्यावर ठेवली. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता.

घरी येऊन माझे काय चुकले याचा मी विचार केला. तंत्रात दोष नव्हता. त्या मुलीपुढे ती बाई आयुष्यात कधी बसली नव्हती, तसे मी तिला बसवले होते. शिकवतानाही आपण हेच करतो, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच कॅमेरा घेऊन गेलो. तिवई घरीच ठेवली. बाई पत्र्याच्या छपराखाली वाटेसाठी भाकऱ्या थापत होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडके, चुलीचा धूर. मला पाहून ती उठू लागली. मी तिला काम चालू ठेवायला सांगितले आणि मुलगी बसली होती तिथे, तिच्या शेजारी, जमिनीवर बसलो. तिथून आई फार मोठी दिसते. हे मी प्रथमच पाहिले. बाई मान वळवून नवऱ्यावर ओरडली, की पाण्याचा ड्रम अजून बाहेरच आहे, आणि त्याच वेळी मी बटन दाबले.

त्या फोटोला मी स्वतः नापास केले असते. उजेड कमी असल्याने भाकरी थापणारा हात पुसट आला आहे. एकच कान दिसतो. तोंड उघडे आहे, नजर भलतीकडे आणि मागे पत्रा तिरका. ट्रक गेल्यानंतर मी तो छापून आणला, चौकट केली नाही, आणि सासूच्या संमतीने तो धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर, जमिनीपासून दोन वितींवर, खळीने चिकटवला. मुलगी जवळ आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "आय वरडती." आजी म्हणाली, "हौ. वरडतीच ती." तिची उरलीसुरली हरकतही तिथेच मिटली. कोठीला कोणी हार घालत नाही.

हिवाळ्यात मी अधूनमधून जाऊन फोटोची अवस्था पाहत असे. एक कोपरा निघाला, तो पुन्हा चिकटवला. मुलीच्या बोटांनी फोटोतल्या गालावरचा रंग जाऊ लागला होता. मी दुसरी प्रत देऊ केली; आजीने हीच राहू द्या म्हटले, कारण पोरगी नव्या कागदाला काय म्हणेल ते सांगता येत नव्हते.

पाडव्याच्या पुढेमागे ट्रक परत आला. शाळा सुटली होती, म्हणून मीही तिकडे गेलो. बाई खाली उतरली ती धुळीने माखलेली, डोक्याला फडके तसेच. शेजारणीने तिला सुचवले की आधी अंघोळ करून घे, लुगडे बदल, मग पोरीपुढे जा. ती म्हणाली, "न्हाईन मागून. आदी तिला वळखू द्या." आणि दारात उकिडवी बसली. तिने हाक मारली नाही.

मुलगी कोठीला पाठ लावून उभी राहिली. फोटोवर हात ठेवून, आलेल्या बाईला माहिती द्यावी तसे तिने सांगितले, "ही आय." बाईने मान हलवली. उत्तर येत असूनही विद्यार्थी बोलत नसला की शिक्षकाने मध्ये पडायचे नसते, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबलो. मुलगी हळूहळू पुढे आली. तिने बाईच्या डोक्यावरच्या फडक्याची गाठ चाचपली, मागे वळून कोठीकडे पाहिले, पुन्हा बाईकडे पाहिले.

"वरड," ती म्हणाली.

बाईला ओरडता येईना. शेवटी तिने नवऱ्याकडे मान वळवली आणि बिछाना अजून ट्रकातच का आहे, असे कसेबसे विचारले. मुलगी तिच्या मांडीवर बसली.